शीळ आणि तबकडी

गेल्या दिवाळीत भाऊबीजेला मी बहिणीकडे मेहकरला गेलो होतो. सोयाबीन घरात आले होते, कपाशीची वेचणी सुरू झाली होती, आणि पैनगंगेला अजून पाणी होते. घर माणसांनी भरले होते. फराळाची ताटे पुढे आली तशी पुण्यास इंजिनियरिंग शिकणाऱ्या, बहिणीच्या पुतण्याने आपला फोन काढला आणि सर्वांना एक गंमत दाखवली. 'पैनगंगेच्या काठची दिवाळी या विषयावर सोळा ओळींची कविता कर,' असे त्याने फोनला सांगितले. हातातली चकली मोडून तोंडात टाकीपर्यंत सोळा ओळी तयार! यमके जुळलेली, पणत्या आहेत, नदी आहे, आईची माया आहे. मंडळी खूश झाली. कोणी म्हणाले, "आता याला चाल लाव म्हणावं." तेही झाले. कोणाचाच नसलेल्या एका गोड आवाजात पैनगंगा गाऊ लागली.

या हास्यविनोदात माझी भाची तेवढी गप्प होती. ती बारावीत आहे. आठवीपासून निळ्या पुठ्ठ्याच्या एका वहीत ती कविता लिहिते, हे घरात सर्वांना ठाऊक आहे आणि वही कोणी उघडत नाही. संध्याकाळी ओट्यावर पणत्यांत तेल घालताना ती मला म्हणाली, "मामा, मला एक सांगा. एक कविता करायला मला आठ दिवस लागतात. आणि ती त्या फोनच्या कवितेपेक्षा फार चांगली असते, असंही नाही. मग मी कशाला लिहायचं?"

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. आजचा प्रश्न कोणी विचारला की उत्तरासाठी मागे वळून पाहायचे, ही माझी खोडच आहे. त्या संध्याकाळी मला तिला नीट उत्तर देता आले नाही. पण प्रश्न मनातून जाईना. आणि त्याचा माग काढता काढता ध्यानात आले की बुलढाणा जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. निरनिराळ्या वेषांत तो येथे निदान तीनदा येऊन गेला आहे. त्या तीन वेळांची ही हकीकत.

पहिल्या वेळी तो आगगाडीत बसून आला. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. पुढे अमेरिकेत १८६१ ते १८६५ अशी चार वर्षे यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस अडला, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर आमच्या काळ्या जमिनीवर खिळली. खामगावची कापसाची पेठ तेव्हा मोठ्या नावाची होती. १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत आगगाडीचा फाटा निघाला आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. येथला कापूस बाहेर न्यावा हा हेतू तर उघडच होता. पण मध्यप्रांत व वऱ्हाडचे कापूस आयुक्त रिव्हेट-कार्नॅक यांनी आपली दुसरी आशाही लपवून ठेवली नव्हती. फाटा आला म्हणजे इंग्लंडचे कापड येथे इतक्या स्वस्तात उतरेल की गावच्या विणकराच्या कापडाला त्यापुढे टिकाव धरता येणार नाही. मागावर गुंतलेले हात शेतीला मोकळे होतील आणि गावात खपणारा कापूसही विलायतेला जाईल, असा तो हिशेब होता.

हा हिशेब बऱ्याच अंशी खरा ठरला. गाडी जाताना कापूस नेई आणि येताना कापड आणी. साळ्या-कोष्ट्यांच्या घरांतले किती माग थांबले आणि किती हात मजुरीला लागले, हे वऱ्हाडातल्या जुन्या विणकर आळ्यांना विचारावे. त्या माणसांना कोणी जाऊन सांगितले असते की, 'बाबांनो, विणण्यात जो आनंद आहे तो तुमच्यापासून कोण हिरावून घेणार?' तर त्यांनी त्याला उंबरठ्याबाहेर काढले असते, आणि ते योग्यच झाले असते. माग हा त्यांचा आनंद असेलही. पण आधी ती त्यांची भाकर होती.

असेच आपल्या डोळ्यांदेखतही झाले आहे. तालुक्याच्या गावी दुकानांच्या पाट्या रंगवणारे पेंटर असत. अक्षराला सावली कशी द्यावी, 'श्री' कसा वळवावा, यात त्यांची जिंदगी गेलेली. संगणकावर छापलेले फ्लेक्स आले आणि चारदोन वर्षांत त्यांचे काम बसले. माझ्या ओळखीचा एक जण आता रिक्षा चालवतो. पोळ्याला मात्र तो रंग काढतो आणि गल्लीतल्या बैलांची शिंगे रंगवून देतो, पैसे घेत नाही. त्याचे मला कौतुक वाटते. पण त्या कौतुकाने त्याची गेलेली मिळकत भरून येत नाही, हेही मला कळते.

म्हणून कलेपुढे यंत्र उभे राहिले म्हणजे एकाऐवजी दोन प्रश्न उभे राहतात, हे आधीच वेगळे करून ठेवलेले बरे. एक पोटाचा आणि एक आनंदाचा. पोटाच्या प्रश्नाला कायदा, मजुरी, संघटना आणि हक्क यांनीच उत्तर द्यावे लागते. तेथे आनंदाचे प्रवचन लावणे हा निर्दयपणा आहे. परंतु माझ्या भाचीचा प्रश्न पोटाचा नव्हता. कवितेवर पोट भरायचे तिच्या स्वप्नातही नाही. तिचा प्रश्न दुसरा होता, आणि तो दुसरा प्रश्न येथल्या घरोघरच्या बायकांच्या वाट्याला कधीच येऊन गेला आहे.

ही दुसरी वेळ. तारखेने ती तिसरीनंतरची असेल, पण ओघाने आधी सांगतो. या वेळी प्रश्न पिठाच्या गिरणीच्या पट्ट्यावरून आला.

बहिणीच्या सासूबाईंचे माहेर घाटाखालचे, खामगावकडचे. वय ८८. घाटावर येऊन त्यांना सत्तरएक वर्षे झाली तरी बोली माहेरचीच राहिली आहे. आमचे बोलणे त्या आतून ऐकत होत्या. बाहेर येऊन पायरीवर बसल्या आणि नातीला म्हणाल्या, "आमी दयन दयो तवा ओव्या म्हनो. त्या काय कोनाले आयकवाले म्हनो का? जातं जड लागू नये म्हून म्हनो. माह्या मनातलं माह्या जात्याले सांगो."

मी विचारले, "मग गिरणी आली तेव्हा कसं वाटलं, आई?"

"गिरनी आली तं बरंच झालं बाप्पा! हात सुटले." मग थोडे थांबून म्हणाल्या, "पन ओवीबी सुटली."

इतिहासाची पुस्तके चाळून मला जे सापडले नसते ते त्या दोन वाक्यांत होते. पहाटे उठून पायली पायली दळण दळणे ही काही काव्यमय गोष्ट नव्हे. त्याने बायकांचे खांदे मोडत. तेलाच्या इंजिनावर आणि पुढे विजेवर चालणाऱ्या गिरण्या गावोगाव आल्या आणि त्या कष्टांतून बाया सुटल्या. त्याबद्दल त्या यंत्राचे उपकारच मानले पाहिजेत. ओवी म्हणू नका, असे गिरणीने कोणालाही सांगितले नव्हते. गिरणीला ओवी येतही नव्हती. तरी ओवी गेली. कारण ती पहाटेच्या त्या एका घटकेवर बसून चालत होती. घटका मोकळी झाली. तिच्यात पाणी भरणे आले, शेण-सडा आला, लेकरांच्या शाळेचे डबे आले, पुढे दूरदर्शन आले. मनातले जात्याला सांगायची वेळ तेवढी गेली.

जे गेले ते किती मोठे होते, हे आपल्याला थोडे उशिराच समजले. आमच्या मलकापूरची शीव ओलांडली की जळगाव जिल्हा लागतो. त्या जिल्ह्यातल्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८० ते १९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, घरात, जात्यावर, काम करता करता त्या रचीत आणि म्हणत. त्यांचे चिरंजीव सोपानदेव स्वतः कवी होते. आईच्या त्या रचना घरच्यांनी कागदावर उतरवून घेतल्या होत्या म्हणून राहिल्या. बहिणाबाईंच्या मृत्यूनंतर, १९५२ मध्ये, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली आणि सारा महाराष्ट्र चकित झाला. आपण कवयित्री आहोत हे जगाने म्हणायची वाट बहिणाबाईंनी पाहिली नव्हती. पुढे पुण्याला हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइत्वाँ यांनी खेडोपाडी फिरून, फिरवून, जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. एक लाख ओव्या, आणि त्या काही मानधनासाठी किंवा अंकात नाव छापून यावे म्हणून रचलेल्या नाहीत! मग त्यांनी कशासाठी रचल्या? सासूबाई म्हणतात त्यासाठी; जाते जड लागू नये म्हणून.

आता तिसरी वेळ. ही आमच्या मेहकरचीच.

१९०२ मध्ये लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग नावाचा माणूस यंत्रसामग्री घेऊन कलकत्त्याला उतरला. त्याने गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. कर्ण्यात तोंड घालून गायचे, आणि तीन मिनिटांच्या आत संपवायचे! तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होत. तेथल्या कारागिरांना गाणारी कोण ते कळावे म्हणून गौहरजान गाण्याच्या शेवटी आपले नाव इंग्रजीत सांगत. रात्र रात्र एक राग मांडणाऱ्या गवयांना हा प्रकार कसा रुचावा? मोठमोठ्या कलावंतांनी या कर्ण्यापासून स्वतःला दूर ठेवले. अल्लादिया खाँसाहेब १९४६ मध्ये गेले. त्यांच्या गायकीचा एवढा विस्तार झाला, पण त्यांची तबकडी नाही.

तिकडे अमेरिकेतही हीच धास्ती होती. जॉन फिलिप सूसा हे तिथले गाजलेले बँडवाले आणि संगीतकार. १९०६ मध्ये त्यांनी यांत्रिक संगीताच्या संकटावर एक खरमरीत लेख लिहिला. यंत्र घरात गाऊ लागले की आया अंगाई म्हणणार नाहीत, हौशी माणसे वाद्याला हात लावणार नाहीत, साऱ्या राष्ट्राचा गळा दुबळा होईल, असे त्यांचे म्हणणे. त्याच लेखात त्यांची दुसरीही तक्रार होती. आमच्या रचना यंत्रवाले वापरतात आणि आम्हांला छदाम देत नाहीत. या दुसऱ्या तक्रारीची दाद लागली. १९०९ मध्ये अमेरिकेत कायदा झाला आणि यंत्राने वाजवलेल्या रचनेबद्दल रचनाकाराला मोबदला ठरला. पोटाच्या प्रश्नाला कायद्याने उत्तर मिळते, ते असे.

त्याच १९०९ साली, २१ ऑगस्टला, आमच्या जिल्ह्यातल्या सेंदुरजन गावी नागोराव घनश्याम देशपांडे यांचा जन्म झाला. महाराष्ट्र त्यांना ना. घ. देशपांडे म्हणून ओळखतो. त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले आणि मेहकरला वकिली केली. मेहकर हे तसे आडबाजूचे तालुक्याचे गाव. पैनगंगेचा काठ, १८८८ मध्ये जमिनीत सापडलेल्या बालाजीच्या भव्य मूर्तीचे देऊळ, आणि कंचनीच्या महालाचे पडके अवशेष. पुण्या-मुंबईची मासिके, कविमंडळे, बैठका, सारे शेकडो मैल दूर. अशा ठिकाणी बसून हा तरुण कविता लिहीत होता. त्यांपैकी एकीचे नाव 'शीळ'.

१९३० नंतरच्या दोनतीन वर्षांत विदर्भातलेच दुसरे एक तरुण, जी. एन. जोशी, यांनी त्या कवितेला चाल लावली आणि ती तबकडीवर गायिली. हेही कायद्याचेच पदवीधर. त्या एका तबकडीने मराठी संगीतात नवे युग सुरू केले. मराठी भावगीताचा इतिहास सांगणारे तेथूनच आरंभ करतात. येथे थोडे थांबून पाहण्याजोगे काही आहे. जी तीन मिनिटे ख्यालगायकाला तुरुंगासारखी वाटली, तीच छोट्या कवितेला मापाच्या अंगरख्यासारखी बसली. यंत्राने एका कलेला आखडून टाकले आणि दुसरीला जन्म दिला. सूसासाहेबांचे भाकीत या बाबतीत निम्मेच खरे ठरले. तबकडी ऐकून माणसे मुकी झाली नाहीत; घरोघरी पेट्या आल्या, मुली भावगीते बसवू लागल्या, आणि गजानन वाटव्यांसारख्यांनी ती चौकाचौकांत, गणेशोत्सवांत हजारोंपुढे गायिली.

पण मला भाचीला सांगायची होती ती गोष्ट याच्या पुढची आहे.

'शीळ' गावोगाव पोहोचली. चावीचा ग्रामोफोन जेथे जेथे होता तेथे ती वाजली. गाणे ऐकणाऱ्याला गाणाऱ्याचा गळा आठवतो, चाल आठवते; शब्द कोणाचे हे विचारणारा शंभरांत एखादा. मेहकरच्या कवीचे शब्द कवीला मागे ठेवून पुढे निघून गेले. आजच्या एखाद्या तरुणाच्या हाती असे यश लागते तर त्याने काय केले असते? मुंबई गाठली असती, तशीच आणखी पन्नास गाणी पाडली असती. ना. घं.नी काय केले, ते तारखाच सांगतात. त्यांचा पहिला कवितासंग्रह 'शीळ' १९५४ मध्ये निघाला. तबकडीनंतर वीस वर्षे उलटून गेल्यावर. दुसरा 'अभिसार' १९६३ मध्ये. तिसरा 'खूणगाठी' १९८५ मध्ये, म्हणजे मध्ये बावीस वर्षे! त्याला १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हा कवीने ७५ वर्षे केव्हाच ओलांडली होती. त्यानंतरही ते थांबले नाहीत; ज्याचे पडके अवशेष आयुष्यभर दाराशी होते त्या कंचनीच्या महालावर त्यांनी दीर्घकविता लिहिली. १० मे २००० रोजी ते गेले. माझ्या भाचीचे आठ दिवस या हिशेबात कोठे बसतात?

या माणसाच्या आयुष्यात तबकडी आली, पाठोपाठ रेडिओ आला, बोलपट आले, दूरदर्शन आले. प्रत्येक यंत्राने गाणे अधिक स्वस्त केले, अधिक वेगवान केले. त्यांनी आपली चाल बदलली नाही. वकिली हा त्यांचा व्यवसाय होता, आणि कवितेला त्यांनी तिची वेळ दिली. कविता अमुक दिवसांत झाली पाहिजे, अमुक इतक्यांनी ऐकली पाहिजे, अशी अट तिला घातली नाही. जाते फिरवणाऱ्या बाईची घटका गिरणी आल्यावर तिच्याही नकळत गेली. मेहकरच्या या वकिलाने आपली घटका जाऊ दिली नाही. दोघांत फरक असेल तर एवढाच; आणि तोही उगाच झालेला नाही. वकिलाला स्वतःची म्हणून एक खोली आणि एक मेज असते. चुलीपुढच्या बाईला ते कोणी दिले नव्हते. हे विसरून तिला दोष देणे बरोबर होणार नाही.

जी. एन. जोशींची वाट निराळी. ते पुढे ग्रामोफोन कंपनीतच अधिकारी झाले. ज्या यंत्रासमोर गायिले त्याच यंत्रामागे उभे राहिले आणि कित्येक थोर कलावंतांना त्यांनी त्याच्यासमोर आणले. शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार एकत्र आणून १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात 'कॉल ऑफ द व्हॅली' ही जगभर गाजलेली तबकडी निघाली, तिच्यामागे तेच होते. त्या तबकडीत काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा दिवस स्वरांत मांडला आहे. 'शीळ' गाऊन सुरुवात केलेल्या माणसाने अखेर पुन्हा रानातलाच सूर शोधावा, याची मला मौज वाटते. यंत्राशी वैर धरलेच पाहिजे असे काही नाही, हे या दुसऱ्या वाटेवरून दिसते. कोणी यंत्रापासून दूर बसून लिहील, कोणी यंत्र हाती धरून नवे काही घडवील. दोन्ही वाटा एकाच गाण्यातून फुटल्या.

आता आजचे पाहू. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी लोकांपुढे आले, आणि तेव्हापासून 'कृत्रिम बुद्धिमत्ता' हा शब्द शाळकरी मुलांच्याही तोंडी बसला. या यंत्राला माणसांनी लिहिलेली अगणित पाने पुरवलेली असतात. त्यांतून एका शब्दापुढे कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, याचा ते हिशेब शिकते आणि त्या हिशेबाने शब्दापुढे शब्द ठेवीत जाते. म्हणजे पुतण्याच्या फोनने केलेली पैनगंगेची कविताही एका अर्थी माणसांच्याच कवितांवर उभी आहे. फक्त त्या माणसांना कोणी विचारलेले नाही. सूसांची जुनी तक्रार येथे नव्याने उभी राहिली आहे, आणि न्यायालयांत तिचे झगडे चालू आहेत. आवाजाची नक्कल करणाऱ्या यंत्रांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अरिजित सिंग यांना आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांना संरक्षण दिले. हे झालेच पाहिजे. ज्यांचे पोट लेखणीवर, गळ्यावर, कुंचल्यावर आहे त्यांच्यासाठी आणखी पुष्कळ झाले पाहिजे. नाहीतर १८७० चा फाटा पुन्हा एकदा घातल्यासारखे होईल.

राहिला आनंदाचा प्रश्न. त्याला पुष्कळ जण एक सोपे उत्तर देतात. म्हणतात, यंत्राची कविता निर्जीव असते, माणसाची सजीव. हे उत्तर मला पटत नाही, कारण ते उद्या खोटे ठरू शकते. आजची यंत्राची कविता सामान्य आहे. उद्या ती चांगली निघेल, परवा आणखी चांगली. मग काय करायचे? आपला आनंद आपण यंत्राच्या नालायकीवर उभा केला, तर यंत्र लायक झाले त्या दिवशी तो कोसळणार.

बुद्धिबळाकडे पाहावे. १९९७ मध्ये डीप ब्लू या संगणकाने जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवले. आज साध्या फोनमधला डावही कोणत्याही जगज्जेत्याला भारी आहे. त्या न्यायाने बुद्धिबळ बंद पडायला हवे होते. तसे झाले नाही. आमच्या विदर्भातली, नागपूरची दिव्या देशमुख, संगणकाने कास्पारोव्हला हरवल्यानंतर आठ वर्षांनी जन्मली. यंत्र आपल्यापेक्षा चांगले खेळते हे कळण्याच्या वयापासूनच तिला ठाऊक असणार. तरी ती खेळत राहिली, यंत्राबरोबर सरावही करीत राहिली, आणि जुलै २०२५ मध्ये, १९ व्या वर्षी, जॉर्जियातल्या बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकली. अंतिम सामना जिंकल्यावर तिचे डोळे भरून आलेले आपण पाहिले. त्या अश्रूंचा फोनमधल्या डावाशी काय संबंध?

मला वाटते, माझ्या भाचीच्या प्रश्नात एक गफलत होती. तिने आपली कविता यंत्राच्या कवितेशेजारी ठेवून मोजली. पण तिचे आठ दिवस? एक शब्द अडला म्हणून पैनगंगेच्या पुलावर जाऊन उभी राहिलेली संध्याकाळ, तो शब्द रात्री अचानक सापडला तेव्हा दिवा लावून उघडलेली वही, हे सारे तिने मोजलेच नाही. यंत्राला ते आठ दिवस नकोच आहेत. यंत्र ते घेऊन जात नाही. धोका आहे तो निराळा. कविता चुटकीसरशी होते म्हणून आपणच ते आठ दिवस सोडून देऊ, आणि ती मोकळी झालेली वेळ दुसऱ्या कशाने तरी कधी भरून गेली हे आपल्याला कळणारही नाही. ओवी गेली ती अशीच गेली.

हे सारे मी तिला पत्रात लिहून पाठवले. आजकाल पत्र कोणी लिहीत नाही, म्हणून तिने ते दोनदा वाचले असावे. बरेच दिवस उत्तर आले नाही. मग पोळ्याच्या सुमारास तिचा फोन आला. मी कवितेविषयी विचारले नाही. तीच सांगू लागली. निळ्या वहीच्या मागच्या बाजूने तिने आजीच्या ओव्या उतरवून घ्यायला सुरुवात केली आहे. पण पहिल्या दिवशी पंचाईत झाली. आजी पलंगावर बसून सांगू लागली, आणि दोन ओव्यांपुढे तिला काही आठवेना. "असं नाई आठोत," म्हणाली. तेव्हा माळ्यावर पडलेले जुने जाते दोघांनी मिळून खाली काढले, धुतले, नवा खुंटा ठोकला. मूठभर ज्वारी घालून आजीने खुंट्याला हात लावला, एक वेढा झाला, दुसरा झाला, आणि तिसऱ्या वेढ्याला ओवी आली.

"आतापर्यंत एकेचाळीस झाल्या, मामा," ती म्हणाली. "आणि पीठ पण."

"आणि तुझी कविता?"

"तिला वेळ आहे."

यंदाच्या भाऊबीजेला मी पुन्हा मेहकरला जाणार आहे. वही मागणार नाही. तिने आपण होऊन दाखवली तर पाहीन. आणि जात्यावरच्या पिठाची भाकर मात्र मागून घेईन.